वेगळं राहण्याचा खर्च

१४ मार्च १९८२, रविवार

आत्याबाईंना प्लॉट दाखवायला आज शहराबाहेर बेसाला घेऊन गेले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बायजाबाई. प्लॉट घेतल्यापासून त्या मागे लागल्या होत्या, पण माझी ड्यूटी आणि त्यांचे गुडघे यांचा मेळ बसत नव्हता. बस मानेवाड्यापर्यंतच जाते. पुढे शेतातून चालत गेलो.

आमचा प्लॉट कोपऱ्याचा. तिथे काटेरी तार लागलेली आणि आत विहीर खणणे चालू. मला वाटले जागा चुकली. खणणाऱ्याने मालकाचे नाव सांगितले, ते मी कधी ऐकलेले नव्हते. "दिवाळीनंतर घेतला आमच्या शेटनं. रुपराव म्हून कोणी होते, त्यांच्यापासून."

रुपराव म्हणजे माझे यजमान. प्लॉट त्यांच्या नावावर होता. हप्ते सहा वर्षे माझ्या पगारातून गेले.

आत्याबाई म्हणाल्या, "चाल वं, ऊन लागून राहिलं."  परतताना बांधावर चिवळीची भाजी दिसली, ती त्यांनी खुडून पदरात घेतली.

संध्याकाळी यांना विचारले. हे म्हणाले, "बिछायत केंद्रात लावले पैसे. नत्थूजी दुकान विकून राहिला होता. मांडव, खुर्च्या, जेवणाचे भांडे, सगळं. असा मौका पुन्हा येत नाही. तुले सांगणारच होतो."

"मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटली असती."

हे मात्र खरे आहे.

दुकानाचे नाव त्यांनी 'पुष्पलता बिछायत केंद्र' ठेवले आहे. हे सांगताना ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी चिवळ निवडत होते. फार माती होती तिच्यात.

१७ मार्च

राग आला आहे का, हे स्वतःला विचारून पाहिले. तसे वाटत नाही. टेलिफोनच्या बोर्डावर सोळा वर्षे बसून सवय झाली आहे. ट्रंक कॉलवर लोक रडतात, भांडतात, आपण लाइन जोडायची आणि तीन मिनिटे झाली की सांगायचे. मला एवढेच कळते की उद्या हे आणखी काही विकतील आणि मला ते कोणी खणणारा सांगेल.

२ एप्रिल

मधुकरराव वकिलांकडे जाऊन आले. आमच्या एक्स्चेंजमधल्या दोघींची कामे त्यांनी केली आहेत. त्यांनी विचारले, मारतात का? नाही. पितात? नाही. बाहेर काही? नाही. मूलबाळ? नाही, लग्नाला तेरा वर्षे झाली.

"मग बाई, एका प्लॉटसाठी घटस्फोट?"

मी म्हटले, प्लॉटसाठी नाही, न विचारता विकल्यासाठी. त्यांना फरक पटला नसावा, पण त्यांनी लिहून घेतले.

दोघांच्या संमतीने घटस्फोट मिळतो, तशी सोय कायद्यात आता झाली आहे. आधी वर्षभर वेगळे राहायचे, मग अर्ज, मग आणखी सहा महिने थांबायचे. कारण शाबित करावे लागत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "कायद्याला कारण लागत नाही, पण पैसे लागतात. एका पगारात दोन बिऱ्हाडं चालवायची तुमची तयारी आहे का? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बाया इथूनच परत जातात." शिवाय पगार माझा पक्का आणि यांचा धंदा नवा, त्यामुळे हेच माझ्याकडून पोटगी मागू शकतात, असेही निघाले. मला हे माहीत नव्हते.

घरी येऊन यांना सगळे सांगितले.  ते म्हणाले, "मी तुह्यापासून पोटगी मागीन, असं वाटलं तुले?"

मी म्हटले, वकिलांनी सांगितले ते सांगितले.

"कुठं सही करा लागते, सांग." म्हणजे संमती आहे.

१ मे, शनिवार

जुनी शुक्रवारीत यमुताईंच्या घरी मागची खोली मिळाली. एक खोली, बाजूला मोरी, नळ अंगणात. तीन महिन्यांचे भाडे अनामत. यमुताईंनी विचारले, "मिस्टर?" मी म्हटले, बाहेरगावी असतात.

गॅस यांच्या नावावर, तो तिकडेच राहिला. स्टोव्ह घेतला. मग बादली, तवा, पोळपाट, चिमटा. एक संसार मोडायला दुसरा मांडावा लागतो, हे आधी लक्षात आले नव्हते. इतवारीतला भांडेवाला ओळखीचा, म्हणाला, "काय बाई, कोणाच्या लग्नात द्याचं हाये?" मी हो म्हटले. त्याने पातेल्यावर नाव घालू का विचारले. मी नको म्हटले.

सामान हलवायला यांनी दुकानातला हातठेला आणि माणूस पाठवला होता. भाडे घेतले नाही.

१९ मे

रेशनकार्डाशिवाय रॉकेल नाही आणि रॉकेलशिवाय स्टोव्ह नाही. वेगळे कार्ड हवे तर जुन्यातून नाव कमी करावे लागते, त्याला नवऱ्याची सही. यांना निरोप दिला. ते सकाळी नवाला येऊन रांगेत उभे राहिले. मी दुपारी ड्यूटी संपवून गेले तर अजून उभेच होते. ऊन भयंकर. मी म्हटले, सही देऊन जायचे होते. ते म्हणाले, "नंबर गेला असता तुह्या."

खिडकीवरचा बाबू म्हणाला, नवरा-बायको दोघेही समोर उभे आणि कार्ड वेगळे कशाला? यांनी त्याला सांगितले, "तुले काय करा लागते? नाव काट."

रांगेत वेळ जाईना म्हणून मी सांगितले की यमुताईंना कुठून तरी कळले आहे. एकट्या बाईला खोली देणे बरे दिसत नाही, महिनाअखेर पाहा, म्हणाल्या. यांनी एवढेच विचारले की महिनाअखेर कोणत्या वारी येते.

२ जून

आज ड्यूटीवरून आले तर दारात सायकलरिक्षा आणि रिक्षात गादीच्या वळकटीवर आत्याबाई. म्हणाल्या, "मी इकडं राहीन."

मी म्हटले, आत्याबाई, आम्ही वेगळे झालो आहोत. तुमचा मुलगा तिकडे आहे.

"त्याले दुकान हाये. घरात पाय ठेवाले जागा नाही. जिकडं तिकडं मांडवाचे कपडे."

"त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"मले कोण धाडते? मी काय मनीऑर्डर हाये?"

अंगणात यमुताई उभ्या होत्या. आत्याबाईंनी त्यांना हाक मारून बोलावले आणि आपण कोण, कुठल्या, माहेर काटोलकडचे, गुडघ्याला काय लावता, सगळे सांगितले. यमुताईंनी चहा पाठवला. खोली सोडण्याबद्दल पुन्हा काही म्हणाल्या नाहीत.

आत्याबाईंना इथला नळ आवडला असावा. तिकडे पाणी पहाटेच येते. शिवाय माझा पगार एक तारखेला होतो, म्हाताऱ्या माणसाला ती शाश्वती लागते. त्यात वाईट काही नाही. पण खर्च वाढणार.

११ जून

वकीलसाहेब रागावले. "सासू तुमच्याजवळ? बाई, कोर्टात मी काय सांगू, कोण कोणापासून वेगळं राहतं?" परत पाठवा म्हणाले. घरी येऊन विषय काढला. आत्याबाई म्हणाल्या, "नवऱ्यापासून येगळं राहाचं हाये ना? राह्य. मी काय तुह्या नवरा हाये?"

वकीलसाहेबांना हे सांगितले. त्यांनी विचार करून, कायद्यात याला बाध नाही, असे म्हटले.

८ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी हे भाजी घेऊन आईला भेटायला येतात. वेगळे राहायचे म्हणजे एका छपराखाली बसायचे नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे, ते यांनी फार शब्दशः घेतले. ओट्यावर बसतात. आज पाऊस तिरपा येत होता, तरी आत आले नाहीत. आत्याबाई दारातून बोलल्या, मी आतून ऐकले. धंदा बसलेला आहे, पावसाळ्यात लग्ने नसतात. ताडपत्र्या गळतात.

मी छत्री दिली. ती परत द्यायला ते बुधवारी पुन्हा आले.

१२ डिसेंबर, रविवार

आमच्या सुपरवायझरबाईंच्या मुलीचे लग्न झाले. मांडव, खुर्च्या सगळे 'पुष्पलता'चे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात माझे नाव. सगळे एक्स्चेंज माझ्या नावाला टेकून जेवायची वाट पाहत बसले होते. दोघीतिघींनी चिडवले. इतके दिवस मी कोणाला सांगितले नव्हते, आता सांगावे लागेल.

हे वाढप्यांवर ओरडत इकडून तिकडे धावत होते. वजन कमी झाले आहे. सुपरवायझरबाई म्हणाल्या, मांडव चोख घातला, वेळेवर. मी पंगतीला बसले तेव्हा वाढप्याने मला बुंदी दोनदा वाढली. तो सगळ्यांनाच तशी वाढत होता की काय, पाहिले नाही.

४ मे १९८३

वर्ष झाले. आज अर्ज दाखल केला. यांनी आपणहून एक अट घालायला लावली: प्लॉटचे पैसे ते महिन्याच्या हप्त्याने परत करतील. वकीलसाहेब म्हणाले, असा प्रतिवादी मी पाहिला नाही. मी म्हटले, ते प्रतिवादी नाहीत, दोघांचा अर्ज आहे.

कोर्टाच्या आवारात चहा घेताना यांनी विचारले, "नाव बदलू का दुकानाचं?"

मी विचारले, काय खर्च येईल. पाटी, पावत्या, शिवाय आता साडेतीनशे खुर्च्या. पेंटर एका खुर्चीचे बारा आणे म्हणतो. सगळे मिळून हिशेब बराच होत होता, आणि तेवढ्याने शेवटी माझा हप्ताच लांबला असता. मी म्हटले, राहू द्या.

ते म्हणाले, "बरं." चहाचे पैसे त्यांनी दिले.

२० ऑगस्ट

आत्याबाईंच्या पायाला जखम झाली आहे. चप्पल लागली म्हणून महिनाभर लपवली. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेले. साखर फार वाढलेली निघाली. पाय वाचेल म्हणाले, पण आता रोज इन्शुलिन, आयुष्यभर. सुई मारायला शिकून घेतले. यमुताईंच्या फ्रिजमध्ये बाटली ठेवायची सोय केली.

आत्याबाईंनी फक्त एवढेच विचारले की गुळाचा चहा चालेल का. चालत नाही.

९ सप्टेंबर

औषधांची बिले खात्याकडून मिळतात. आश्रितांच्या यादीत लग्नानंतर सासूचे नाव मीच घातले होते. हेडक्लार्कने बिले घेतली आणि म्हणाला, "बाई, तुमचं ते कोर्टाचं चाललं आहे ना? लवकर उरकू नका. निकाल झाला की सासू यादीतून गेली. नवराच नाही तर सासू कुठली?"

मी हे आधी धरले नव्हते. इन्शुलिन, सुया, दर महिन्याची तपासणी, पाय पुन्हा बिघडला तर दवाखाना. भाडे आणि हे मिळून निम्मा पगार जातो. यांचा हप्ता येतो, पण लग्नसराईबाहेर तो अर्धाच असतो.

२१ नोव्हेंबर, सोमवार

आज कोर्टात दुसऱ्यांदा हजर राहून 'हो' म्हणायचे होते. रजा मिळत नाही असे वकीलसाहेबांना फोन करून कळवले. पुढची तारीख घेतली आहे. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती. बोर्डावर सध्या खरेच माणसे कमी आहेत.

२७ नोव्हेंबर, रविवार

यांनी ओट्यावरून विचारले, "तारीख काहून वाढवली?" मी म्हटले, रजा नव्हती. त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि मग त्यांनी तो खाली घातला. लग्नसराईत त्यांनाही ती तारीख गैरसोयीची असावी.

३ डिसेंबर

वकीलसाहेबांचा एक्स्चेंजवर फोन आला. "तुमच्या सासूबाई आल्या होत्या. एकट्या. रिक्षाने."

आत्याबाईंनी त्यांना विचारले होते की सून तारखा का घेते. वकीलसाहेबांना कारण माहीत नव्हते. मग तिथून त्या सरळ आमच्या ऑफिसात गेल्या होत्या, हेडक्लार्ककडे! त्याने मला नंतर सांगितले, म्हाताऱ्या बाईने टेबलासमोर खुर्ची ओढली आणि सगळे काढून घेतले.

घरी आले तेव्हा आत्याबाई पाय पाटावर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बस खाली."

मी बसले.

"माह्यं लगन झालं तवा मी बारा वर्साची. रुपरावचा बाप जुगार खेळे. दोनदा मी भावाकडं निंघून गेली. पंच बसले. म्हणे, काडी मोडतं का? तवा कोर्ट नव्हतं, काडी मोडली का झालं. पण जातीले जेवण घाला लागे. शंभर पानं उठवा लागत. भाऊ म्हणे, बाई, मी कोठून उठवू? मंग मी परत आली."

"फक्त जेवणापायी?"

"हो वं. लोकं म्हणत, बायजा कशी सोसते. सोसणं कायचं? पैसेच नव्हते."

मी उठले. स्टोव्ह पेटवायचा होता.

त्या म्हणाल्या, "तुह्याकडं पगार हाये. तू माह्या पायापायी अडकून राहिली तं मले कायले पाहिजे तो पाय? जानेवारीत जाय अन् हो म्हण."

"आणि औषध?"

"औषध रुपराव भरन. मी सांगतो त्याले."

मी म्हटले, कारण तुमचा पाय नाही, रजा आहे. त्या म्हणाल्या, "बरं, रजा त रजा. काढ."

१६ जानेवारी १९८४, सोमवार

निकाल झाला. न्यायाधीशांनी दोघांना आळीपाळीने विचारले, खुशीने मागता का? मी हो म्हटले. यांना दोनदा विचारावे लागले, पहिल्यांदा आवाज पोचला नाही.

आत्याबाई मागच्या बाकावर होत्या. बाहेर आल्यावर रुपराव टेंपोकडे गेले. (आता 'हे' लिहिता येणार नाही. सवय लागेल.) एका लग्नाचा मांडव उतरवायचा होता. त्यांनी आईला विचारले, "माय, तू?" आत्याबाई रिक्षात चढल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "जुनी शुक्रवारी." मग मला, "चढ ना वं, का पायी येतं?"

खर्च वकिलासकट माझ्या अंदाजापेक्षा थोडा जास्त झाला.

११ मार्च

इन्शुलिन आता रुपराव भरतात. दर रविवारी बाटली, भाजी आणि महिन्यातून एकदा हप्ता. बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली आणतात. दुकानात आइस्क्रीमचे काम घेतात त्यातला थर्मास आहे. आता आत बसायला हरकत नाही असे मी सांगितले, तरी ओट्यावरच बसतात. हवा बरी असते म्हणतात.

१५ एप्रिल, रविवार

माझा भाऊ रविंद्र वर्ध्याहून एका गृहस्थांना घेऊन आला. चंद्रपूरचे, वीज मंडळात इंजिनिअर, पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न होऊन दूर. रविंद्रने मला आधी सांगितले नव्हते. गृहस्थ शांत वाटले. बोलताना समोरच्याचे संपू देतात. मला ते आवडले, ही नोंद करायला हरकत नाही. स्वतःचे घर आहे, घर घेताना मुलीलाही विचारले होते म्हणाले.

चहा आत्याबाईंनी आणला. गृहस्थांनी नमस्कार करून मला विचारले, "या आपल्या कोण?"

 आत्याबाईंनीच सांगितले, "मी इची सासू होती. आता इथं राहतो." आणि बशी त्यांच्यासमोर सरकवून म्हणाल्या, "माणूस चांगला हाये तुमी. इले सांभाळान. फक्त हे रागावत नाही, गप्प होते. मंग विचारा लागते."

रविंद्र अस्वस्थ झाला. गृहस्थ हसले. पत्र पाठवतो म्हणाले.

२२ एप्रिल, रविवार

रुपरावांना आत्याबाईंनी सांगितले असावे. आज हप्ता देताना ते म्हणाले, "चंद्रपूरचा माणूस चांगला हाये म्हणते माय."

"हो."

"ठरलं तं मांडव मी टाकीन. पैसे नको."

मी म्हटले, या वयात रजिस्टर लग्न करतात, मांडव लागत नाही. ते म्हणाले, "हो, तेही खरं." त्यांना सुटल्यासारखे वाटलेले दिसले. साहजिक आहे, भर लग्नसराईत एक दिवसाचा मांडव फुकट द्यायचा म्हणजे थोडे नुकसान नाही. जाताना थर्मास विसरून गेले.

३ मे

चंद्रपूरहून पत्र आले. नेटके, मुद्द्याचे. त्यांची पसंती आहे. माझी नोकरी चालू ठेवावी, बदलीसाठी ते प्रयत्न करतील. एकच गोष्ट: वृद्ध बाईंविषयी आदर आहे, पण त्यांनी आपल्या मुलाकडे राहणे सर्वांच्या दृष्टीने योग्य. त्यांचा औषधखर्च ते आनंदाने पाठवत जातील.

हे रास्त आहे. कोणीही असेच लिहील. मी दोनदा वाचले. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर सगळ्यांचाच फायदा आहे, माझे भाडे वाचते, रुपरावांचे इन्शुलिन वाचते. विरुद्ध बाजूला लिहिण्यासारखे काही सापडले नाही.

संध्याकाळी उत्तर लिहिले. चंद्रपूर एक्स्चेंजला बदली मिळायला दोनतीन वर्षे लागतात, तोवर त्यांना थांबवणे बरे नाही, तरी क्षमस्व. बदलीचे कारण खोटे नाही.

आत्याबाईंना वाचता येत नाही. पत्र कोणाचे ते मात्र त्यांनी विचारले नाही. जेवताना अर्धी भाकर ताटात ठेवली त्यांनी, एरवी ठेवत नाहीत. साखर वाढली की काय, उद्या तपासून आणले पाहिजे.

६ मे, रविवार

साखर ठीक आहे.

आज रुपराव आले ते घामाघूम. ओट्यावर बसून म्हणाले, "मायचं काही समजत नाही. पंधरा दिवस झाले, म्हणे मागची खोली खाली कर, माही खाट टाकाची हाये. सगळ्या खुर्च्या अंगणात काढल्या, चुना मारला. आज म्हणते, राहू दे. काहून?"

मला माहीत नव्हते, तसे मी सांगितले. चंद्रपूरला नकार कळवल्याचे परवा जेवताना मी आत्याबाईंना बोलले होते, त्यापलीकडे घरात काही घडलेले नाही.

"नकार कळवला?" रुपराव म्हणाले.

"बदली होत नाही तिकडे."

"हो," ते म्हणाले. "बदलीचं कठीणच असते." मग बराच वेळ टोपलीतल्या वांग्यांची देठे पाहत बसले. आज ती चांगली कोवळी होती.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "चंद्रपूरले ऊन लय असते म्हणतात."

मी म्हटले, इथे काय कमी आहे? काल पंचेचाळीस होते.

"इथलं आपल्या अंगवळणी हाये," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या वांगी मागू लागल्या. म्हणून मी टोपली आत नेली.